दोन डिग्री मागे

रविवार, ६ एप्रिल

ऑइल कंपनी दरवर्षी डायरी देते. आजवर तिच्या पुठ्ठ्यातून मी गॅस्केटचे साचे कापत आलो. ह्या वर्षीची लिहायला काढली आहे. आजूबाजूला काहीतरी शिजतंय, आणि उद्या कोणी ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ असा पवित्रा घेतला तर आपल्याकडे तारखेसकट असलेलं बरं.

आज क्लब जमला होता, नेहमीच्या जुन्या धावपट्टीवर. विमानं इथून केव्हाच गेली. आता रविवारी आम्ही हौशी मंडळी तिथे आपापल्या गाड्या पळवतो आणि मग चहा पीत एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. आज चहाच्या वेळी दाताचा डॉक्टर बोलायला उभा राहिला. हा आमचा सेक्रेटरी. लोकांच्या तोंडात हात घालून बोलायची सवय, त्यामुळे समोरचा उलटून बोलणार नाही हे धरूनच चालतो.

“मंडळी, आपल्या प्रत्येक गाडीच्या कॉम्प्युटरची भाषा वेगळी. ज्याने गाडी ट्यून केली त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, वर त्याला पासवर्डचं कुलूप. उस्तादांनी केलेली गाडी उस्तादांशिवाय कोणी उघडू शकत नाही. उद्या उस्ताद गावाला गेले, तर?”

“मी कुठे चाललोय गावाला?”

“समजा म्हटलं.”

“समजायचंच तर तू जा की. तेवढीच लोकांची दातदुखी थांबेल.”

सगळे हसले. बेकरीवाला हसला नाही. एरवी तो माझ्या विनोदांना मी पूर्ण करायच्या आधीच हसतो.

डॉक्टरचं म्हणणं असं, की सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यायचं. फाइली एकाच पद्धतीच्या, पासवर्ड नाही. आणि इंजिनावर बसवलेला सेन्सर आतला आवाज कसा टिपतो ते पडद्यावर सगळ्यांना दिसणार.

सगळ्यांना दिसणार! म्हणजे माझी विद्या चव्हाट्यावर. मी शाळेच्या बाकावर कमी आणि ट्रकच्या खाली जास्त वाढलो. इंजिनाचा कॉम्प्युटर शेवटी दोनच गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा. ठिणगी जरा आधी पाडली, म्हणजे टायमिंग पुढे घेतलं, की ताकद वाढते. फार आधी पाडली की आत खडखड सुरू होते आणि इंजिन स्वतःलाच खातं. कुठे थांबायचं हे मला कान सांगतो. तांब्याची नळी एका टोकाला चेपून इंजिनाला बोल्टने कसायची, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, आणि पाइपची टोकं कानांवरच्या मफमध्ये. एकेक डिग्री पुढे जायचं. खडखड ऐकू आली की तिथून दोन डिग्री मागे यायचं आणि कॉम्प्युटरमधलं आकड्यांचं टेबल कुलूपबंद करायचं. लेकीलाही मी हेच शिकवलं. ती माझ्याबरोबर गॅरेज सांभाळते. घरात तिला माऊ म्हणतात, पण गिऱ्हाइकांना ओरखडे काढते.

ह्या कानावर माझं नाव उभं आहे. मी आयुष्यात कोणाला ‘काय?’ असं परत विचारलेलं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

बेकरीवाल्याची निळी गाडी दोरीने ओढत आली. मागच्याच महिन्यात मी ट्यून केलेली. इंजिन उघडलं, तर एका पिस्टनची कड उंदराने कुरतडावी तशी गेलेली. असं फक्त आतल्या खडखडीने होतं.

“पेट्रोल खराब असेल, उस्ताद,” बेकरीवाला म्हणाला आणि त्याने टोपी काढली. हा माणूस खोटं बोलताना टोपी काढतो. आणि ज्या पंपावर तो भरतो त्याच पंपावर मी भरतो.

“बाबा, पेट्रोलच असेल,” माऊही म्हणाली, पिस्टन हातात उलटसुलट करत. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, “पेट्रोल वगैरे काही नाही. माझ्यामागे कोणीतरी टायमिंग वाढवलंय.”

दोघं गप्प. इतके गप्प, की मला खात्रीच पटली.

मंगळवार, १५ एप्रिल

हल्ली लोक कुजबुजतात. मी गॅरेजमध्ये शिरलो की आवाज खाली येतात. आज माऊ आणि बेकरीवाला गाडीच्या पलीकडे उभे राहून बोलत होते. ओठ हलत होते, बोलणं मात्र जिभेवरून पुढे येतच नव्हतं. मी खाकरलो. माऊ एकदम मोठ्याने म्हणाली, “चहा घेणार का, बाबा?” इतक्या मोठ्याने, जसा काही मी बहिराच आहे!

दुसरं. तिने फोन मूक करून ठेवायला सुरुवात केली आहे. आज टेबलावर तिचा फोन नुसता उजळत होता, डॉक्टरचं नाव दिसत होतं. मी बघत राहिलो. ती धावत आली, उचलला आणि बाहेर गेली. तिच्याशी बोलायचं काम डॉक्टरला काय? तिच्या दाढा उत्तम आहेत.

घरात किटलीची शिट्टीही बिघडली आहे. पाणी उकळून आटायला आलं तरी ती वाजत नाही. आमच्या हिला सांगितलं, नवीन आण. तिने “बरं” म्हटलं आणि आणली नाही. आणि शेजाऱ्याच्या मांजराने मागच्या झाडावरच्या चिमण्याही संपवलेल्या दिसतात. आधी केवढा कलकलाट असायचा.

गुरुवार, २४ एप्रिल

पकडलं!

ह्या पंधरवड्यात ऑइल बदलायला ज्या ज्या गाड्या गॅरेजमध्ये येऊन गेल्या, त्यातल्या दोन आज पुन्हा ब्रेकच्या कामाला आल्या. मी सहज कॉम्प्युटर जोडून आतलं टेबल बघितलं. वरच्या ओळींत मी ठेवलेल्या टायमिंगपेक्षा बरोबर दोन डिग्री कमी. दुसऱ्या गाडीतही दोन. वाढवलेलं नाही, कमी केलेलं! मग बेकरीवाल्याच्या जुन्या फाइलमध्ये बघितलं, तर ती जशीच्या तशी, मी ठेवलेली.

बसून विचार केला. डाव सरळ आहे. बेकरीवाल्याच्या गाडीत कोणीतरी टायमिंग वाढवलं, इंजिन फोडलं आणि मग आकडे पूर्ववत करून ठेवले, म्हणजे दोष माझ्यावर. बाकीच्या गाड्यांत कमी केलं, म्हणजे त्या रटाळ चालाव्यात आणि लोकांनी म्हणावं, उस्तादांचा हात गेला. दोन्हीकडून माझीच चटणी.

पासवर्ड मला आणि माऊला सोडून कोणाला माहीत नाही. म्हणजे माऊच्या फोनमधून चोरला. म्हणूनच डॉक्टर तिला फोन करतो! पोरीच्या लक्षातही आलं नसेल. तिला काही बोललो नाही, उगाच घाबरेल.

पण मीही काही काल गाडी चालवायला शिकलेलो नाही. ते एकच सॉफ्टवेअर, ज्याच्यात सगळं सगळ्यांना दिसतं, त्यात चोरालाही लपता येत नाही. डॉक्टरने खड्डा माझ्यासाठी खणलाय. मी त्याला हाताला धरून तिथपर्यंत घेऊन जाणार.

रविवार, २७ एप्रिल

धावपट्टीवर उभा राहिलो आणि म्हटलं, “डॉक्टरचं म्हणणं मला मान्य आहे. एकच सॉफ्टवेअर, पासवर्ड नाही. माझ्या सगळ्या फाइली मी उघड्या करतो.”

वाटलं होतं, डॉक्टरचा चेहरा पडेल. उलट त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. “उस्ताद, तुमचे फार उपकार झाले,” म्हणाला. डोळे भरलेले. बेकरीवाल्याने हुश्श केलं. माऊने तर चारचौघांत मिठी मारली. कॉलेज संपल्यापासून पहिल्यांदा.

इतका आनंद कशाचा? कुठेतरी पाणी मुरतंय.

मी एक अट घातली. नव्या फाइलीत गाडी कोणी ट्यून केली ह्याचा रकाना हवा, आणि त्यात नाव हवं. डॉक्टर म्हणाला, “एक कशाला, दोन नावांची जागा ठेवू.” मी म्हटलं, “माझ्या गाडीला एकच नाव लागतं.”

बुधवार, ३० एप्रिल

बेकरीसमोरून जात होतो. काचेतून दिसलं, आत माऊ, डॉक्टर आणि बेकरीवाला. टेबलावर लॅपटॉप. माऊ काहीतरी समजावत होती, हात हलवत. बेकरीवाल्याला मी दिसलो मात्र, त्याने काचेवरचा पडदाच ओढला. भरदिवसा, बेकरीचा पडदा! पाव काय लाजतात?

म्हणजे डॉक्टर एकटा नाही. हे तिघं मिळून दुसरं गॅरेज काढतायत. माझ्या फाइली आता उघड्या, माझी लेक त्यांच्या बाजूला. माझ्याकडे काय उरलं? गाडी जागच्या जागी पळवायचे रोलर, पाने आणि कान.

घरी येऊन हिला सांगितलं. ती माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. हल्ली डावीकडेच बसते.

“अहो, तिलाच विचारा ना. ती सांगेल.”

“विचारायचं कशाला? मला ऐकून कळतं.”

ती हसली. मग पदराने डोळे पुसले. समोर कांदाही नव्हता.

“तुम्ही तिला गॅरेजमध्ये कडेवर घेऊन काम करायचात,” ती म्हणाली. “ती तुमचं वाईट करेल?”

मी मनात म्हटलं, वाईट करणारी माणसं काय जन्मतः वाईट असतात? डॉक्टरसारखं कोणीतरी त्यांना भेटतं.

रविवार, ४ मे



आज नव्या सॉफ्टवेअरवरची पहिली गाडी, माझ्याच गॅरेजमध्ये. बेकरीवाल्याची निळी. इंजिन नवीन बांधलेलं, गाडी रोलरवर पट्ट्यांनी आवळलेली. क्लबची दहा-बारा डोकी भिंतीला टेकून. भिंतीवर मोठा पडदा. इंजिन स्वच्छ असेल तर हिरव्या पट्ट्या, आत खडखड असेल तर लाल. सेन्सर डॉक्टरने आणलेला. बसवला माऊने.

मी तांब्याची नळी कसली, मफ कानांवर चढवले. माऊ लॅपटॉपवर, मी गाडीत ॲक्सिलरेटरवर. नेहमीप्रमाणे एकेक डिग्री पुढे. इंजिन काय सुंदर बोलत होतं! भरदार, खालच्या सुरात, कुठे किरकिर नाही. मी बोट वर केलं. म्हणजे आणखी एक.

माऊने नकारार्थी मान हलवली.

“साफ आहे!” मी ओरडलो. “पुढे!”

तिने एक वाढवली. मी पुन्हा दाबलं. इंजिन साफ. पण भिंतीजवळ कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बेकरीवाल्याने टोपी काढून हातात धरली होती, आणि तो तर तोंडातून एक शब्दही बोलला नव्हता. मी पडद्याकडे बघितलं. लालच लाल. पार वरपर्यंत.

आणि माऊने इंजिन बंद केलं. माझा पाय ॲक्सिलरेटरवर असताना. आजवर असं कोणी केलेलं नाही.

मी मफ काढून फेकले. “सेन्सर ह्याने आणलाय! ह्याने सांगितलं तेच दाखवणार! माझा कान खोटा आणि तुमचं खेळणं खरं?”

“उस्ताद, कोणी खोटं म्हणत नाही...” डॉक्टर पुढे आला.

“चालते व्हा. सगळे.”

सगळे गेले. माऊ शेवटी गेली. दारात थांबून काहीतरी म्हणाली. शब्द पोचले नाहीत. आणि मी विचारलंही नाही.

सोमवार, ५ मे

पडदा खोटा आहे हे सिद्ध करायचं ठरवलं. साक्षीदार असा हवा, की ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही आणि जो कोणाच्या बाजूने नाही. सकाळी चहा घेऊन आलेल्या हिलाच मफ घातले.

“अहो, केस विस्कटतील!”

“बस गप. फक्त सांग काय ऐकू येतं.”

कालच्याच आकड्यावर, अगदी जरासं दाबलं. तिने दोन्ही हात कानांवर नेले.

“हे काय हो? कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय.”

मी तिच्या डोक्यावरचे मफ काढून स्वतः घातले. पुन्हा जरासं दाबलं. भरदार, खालच्या सुरात, साफ.

इंजिन बंद केलं.  चहा निवत होता.

“आणि चिमण्या?” मी विचारलं.

“कुठल्या चिमण्या?”

“मागच्या झाडावरच्या.”

“आहेत की. आत्ताही जीव खातायत.” मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अहो, किटलीही चांगलीच आहे.”

गुरुवार, ८ मे

तीन दिवस गॅरेज उघडलं, लोकांशी हसलो, पाने फिरवले. डोक्यात एकच.

चोराने दोनच डिग्री का काढाव्यात? बदनाम करायचं असतं तर पाच काढल्या असत्या. गाडी पार म्हातारी झाली असती. दोन काढणारा माणूस इंजिन वाचवायला बघतो. आणि बरोबर दोन डिग्री मागे यायचं, हे मी जगात एकाच माणसाला शिकवलं आहे.

शंका सगळ्यांना आधीपासून असणार, पिस्टन हातात घेतला त्या दिवशी तिची खात्री पटली. तेव्हापासून गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीत मागून येऊन दोन काढत होती. मला न सांगता, बाकी क्लबला न कळू देता. एक सॉफ्टवेअर हवं होतं ते ह्यासाठी. सगळेच पडदा बघून टायमिंग ठरवू लागले, की माझा कान कोण तपासणार? उस्ताद आपले उस्तादच. आणि मी सगळ्यांसमोर ‘पुढे, पुढे’ करून तिच्या मेहनतीवर बोळा फिरवला.

बेकरीवाला इंजिन नव्याने बांधावं लागूनही पेट्रोल पेट्रोलच करत राहिला. आता कळलं, टोपी कोणासाठी काढत होता.

तिला काही बोलणार नाही. तिने मला झाकलं, मीही तिला झाकेन. आजपासून मी स्वतःच आणखी दोन डिग्री कमी ठेवून फाइल देणार. तिला काढायला काही उरणारच नाही. विषय संपला.

डॉक्टर काल आला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “माझा एक मित्र कानाचा डॉक्टर आहे. भेटू या का सहज?” दाताचा माणूस कानाकडे गिऱ्हाईक पाठवतो. ह्यांची आतून साखळी असणार. बघू म्हटलं.

शनिवार, १७ मे

पांढऱ्या गाडीवाली बाई आली. ही मुलांना पोहायला शिकवते आणि चार तलाव पलीकडे ऐकू जाईल असं बोलते, त्यामुळे मला ती फार आवडते. मागच्या आठवड्यात गाडी नेली होती.

“उस्ताद, हिला ताप आहे का? काल चढावर मला पाण्याच्या टँकरने मागे टाकलं! वर ड्रायव्हरने हात दाखवला!”

“असं कसं होईल?” मी म्हटलं.

“असं कसं होईल?” माऊही म्हणाली. जरा जास्तच घाईने.

गाडी जोडली. भिंतीवरच्या पडद्यावर टेबल आलं. मी बघितलं. माऊने बघितलं. बाईने आम्हा दोघांना बघितलं.

चार डिग्री कमी.

“दोन मी काढल्या होत्या,” मी म्हटलं. काय करणार, पडदा सगळ्यांना दिसतो.

माऊच्या हातातला फडका तसाच राहिला. “तुम्ही?” मग खाली बघत, पण मोठ्याने, मला नीट पोचेल असं: “दोन मी काढल्या, बाबा. कायमच काढते.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तुझ्या आईला खडे ऐकू आले तेव्हापासून.”

 मग बाई म्हणाली, “तुमचं बापलेकीचं होऊ द्या सावकाश. पण माझ्या दोन परत द्या. टँकरला मला तोंड दाखवायचंय.”

माऊला आधी हसू आलं आणि मग रडू, की उलट, मला नीट सांगता येणार नाही. मी पाठ फिरवून नळी कसत होतो. बोल्टचे आटे एरवी एका झटक्यात बसतात, आज बसेनात.

मफ तिच्या हातात दिले. “तू ऐक. मी बघतो.”

“तुम्ही नाही ऐकणार?”

“मी गाडी चालवतो, पडदा बघतो. ऐकायला तू.”

मफ तिला मोठे होतात, सारखे मानेवर घसरतात. उद्या पट्टी कापून देतो. मी दाबलं. एकेक डिग्री. हिरवं, हिरवं, हिरवं. मग पडद्यावर पहिली लाल रेघ टोक काढते न काढते तोच तिचं बोट वर. पडद्याच्या आधी की नंतर, सांगता येणार नाही. मी तरी आधी म्हणेन.

“दोन मागे,” ती म्हणाली.

“दोन मागे. आणि नंतर कोणी हात लावायचा नाही.”

नाव लिहायच्या रकान्यात दोन जागा आहेत. डॉक्टरने तेव्हाच ठेवून घेतल्या होत्या. दोन्ही भरल्या. तेव्हाच ठेवल्या म्हणजे त्याला तेव्हापासून सगळं माहीत होतं. मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं आहे, आणि हा स्वतःचा दवाखाना बंद ठेवून बरोबर येतो म्हणतोय. कोणी कोणासाठी उगाच दवाखाना बंद ठेवत नाही. ह्यात त्याला काय मिळतं, ते मी शोधून काढणारच.

गॅरेज बंद करून निघताना माऊ शटर ओढता ओढता काहीतरी बोलली. शटरचा आवाज, वर रस्ता. मी दोन पावलं पुढे गेलो होतो.

थांबलो. वळलो.

“काय?” मी विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं.